पाळणाघराचा रिव्ह्यू: घारग्यांना पाच, हॅलोविनच्या फॉर्मला दोन

वडगाव शेरीत आम्ही लेकीला ज्या पाळणाघरात ठेवतो, त्याबद्दल ड्युटीवरच्या आणि सोसायटीतल्या इतक्या जणींनी विचारलंय की एकदाच सगळं लिहून टाकते. नाव लिहिणार नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि ती माणसं रोज माझ्या पोरीला जेवू घालतात. पण तुम्ही दुसरं कुठलंही पाळणाघर बघायला निघाला असाल तरी यातलं बरंच उपयोगी पडेल, विशेषतः तुमच्या घरी एखादी गोष्ट चालत नसेल तर.

मी स्टाफ नर्स. शिफ्ट बदलती. नवरा हिंजवडीला, त्यामुळे तो घरी कधी पोचेल हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही. लेक सिनियर केजीत. शाळा सुटली की व्हॅनवाले काका तिला थेट पाळणाघरात सोडतात. मी संध्याकाळी बंड गार्डनला मेट्रो पकडते, रामवाडीला उतरते आणि रिक्षाने तिला घ्यायला जाते. नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ज्यांनी दिवस काढलेत त्यांना या एका वाक्याची किंमत कळेल.

जागा म्हणजे जुन्या बंगल्याचा तळमजला. पुढे वाळूचा चौकोन, मागे शेवग्याचं झाड. भिंतींवर कार्टून आहेत, पण भिंती बघून कुणी पाळणाघर निवडू नये. मी औषधांचं कपाट उघडायला लावलं. तापाच्या सिरपवर बाटली कधी उघडली ती तारीख पेनाने लिहिलेली, आणि प्रत्येक मुलाच्या नावाच्या पाकिटात डॉक्टरांची चिठ्ठी. वॉर्डात याच तारखेसाठी मला ज्युनिअर मुलींच्या मागे लागावं लागतं. तिथल्या तिथे ॲडव्हान्स भरला.

फी महिन्याला ८,५०० रुपये, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं खाणं धरून. रात्री आठनंतर अर्ध्या तासाला १०० रुपये जादा, पण हँडओव्हर लांबला असं फोन करून सांगितलं तर लावत नाहीत. पार्किंग नाही. समोर गाडी लावली की शेजारचे आजोबा गॅलरीत येऊन उभे राहतात आणि तुम्ही जाईपर्यंत हलत नाहीत.

स्वयंपाकाला मावशी आहेत, जुन्नरकडच्या. वरण-भात-तूप, पोळीचा काला, नाचणीची खीर, कधी भाजणीचं थालीपीठ. तिखट बेताचं. अंडंसुद्धा डब्यात चालत नाही. आमच्या घरी रविवारी उपासनेहून आलं की मटण शिजतं, पण सोमवारचा डबा निमूटपणे बटाट्याचा असतो. त्यांची जागा, त्यांचा नियम.

सणांच्या बाबतीत तर मला हे पाळणाघर फारच आवडायचं. आम्ही ख्रिस्ती. सासर नगरचं, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतलं. गणपतीत पाळणाघरात मूर्ती बसते. लेक आरतीला सगळ्यांबरोबर उभी राहते, पण हात जोडत नाही आणि प्रसाद घेत नाही, एवढं आमच्या घरात ठरलेलं आहे. ॲडमिशनच्या वेळी एकदा सांगितलं, पुन्हा तोंड उघडावं लागलं नाही. उकडीचे मोदक झाले की मावशी नैवेद्याचं ताट वाढायच्या आधीच दोन मोदक वाटीत काढतात आणि वरच्या फळीवर झाकून ठेवतात. नैवेद्याआधी कुणासाठी वेगळं काढणं त्यांच्या स्वतःच्या घरी चालत नसणार, तरी काढतात. ‘हे देवापुढं गेलेलं नाही बरं का,’ एवढं मला सांगतात आणि विषय संपतो. मूर्तीपुढचं खावं की नाही यावर बायबलमध्ये संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात तीन अध्याय खर्च केलेत. मावशींनी ते प्रकरण एका वाटीत मिटवलं. त्याच फळीवर एका जैन मुलीची बटाटा न घातलेली भाजीही असते.

म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर ग्रुपवर आलेला मेसेज वाचून मी चक्रावले. ‘स्पूकी फ्रायडे’, म्हणजे हॅलोविन. ३१ ऑक्टोबर २०२५, वर्गणी ४५० रुपये, पोशाख भूत, चेटकीण, सांगाडा किंवा ड्रॅक्युला. आदल्या वर्षी त्याच तारखेला नरक चतुर्दशी आली होती, सगळे उटणं लावून आपापल्या घरी, त्यामुळे हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता. मेसेजसोबत एक फॉर्म होता. त्यात दोनच पर्याय: ‘पाल्य सहभागी होईल’ आणि ‘पाल्य त्या दिवशी येणार नाही’.

म्हणजे नाही म्हणायचं तर रजा काढा. महिनाअखेरीला, ड्युटी लिस्ट लागून गेल्यावर, इन्चार्ज सिस्टरसमोर उभं राहून कारण काय सांगायचं? पाळणाघरात भुतं आहेत?

मी फोन केला. पाळणाघर चालवणाऱ्या मॅडम खरोखर गोंधळल्या. म्हणाल्या, ‘अहो, पण हा तर तुमचाच सण ना?’

पुण्यात हे मला नवीन नाही. ऑफिसातल्या केकपासून थर्टी फर्स्टच्या दारूपर्यंत जे जे इंग्रजी ते ते आमच्या नावावर जमा होतं. मॅडमचा पूर्ण दोष नाही, तारखेत चर्च आहेच. १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस आणि ३१ ऑक्टोबर ही त्याची आदली संध्याकाळ. पण कोरलेली तोंडं, भुतंखेतं आणि दारोदार खाऊ मागणं आलं ते आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या लोकरूढींतून. तिथे हिवाळ्याच्या तोंडावर सॉविन नावाचा जुना सण असायचा आणि त्या रात्री मेलेले फिरतात अशी समजूत होती. १८४०च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले. गावाकडे ते सलगम कोरायचे, तिकडे त्यांना भोपळा मिळाला. पुढे चॉकलेट-गोळ्यांच्या कंपन्यांना हा सण न आवडता तरच नवल. आपल्याकडे तो मॉलमधून आला आणि अमेरिकन क्लायंट असलेल्या ऑफिसांमधून आला. नवऱ्याच्या ऑफिसात त्या आठवड्यात टेबल सजवायची स्पर्धा असते. कुठल्या मराठी मंडळीच्या पाळकांनी तो आणल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. सासूबाईंनी तर हॅलोविन हे नाव पहिल्यांदा नातीच्या तोंडून ऐकलं. त्यांच्या लेखी त्या दिवसांतलं काम एकच, २ नोव्हेंबरला दफनभूमीत जायचं, घरच्या कबरींवरचं गवत उपटायचं, चुना मारायचा, झेंडू ठेवायचा आणि मेणबत्ती लावायची.

सगळ्या ख्रिस्ती लोकांचं माझ्यासारखंच मत आहे असं मात्र समजू नका. आमच्याच मजल्यावर एक मंगळुरी कॅथलिक कुटुंब आहे, त्यांची दोन्ही पोरं दरवर्षी सांगाडे होऊन गोळ्या गोळा करतात आणि रविवारी मिसाला जातात, त्यांच्या आईला त्यात काही वावगं वाटत नाही. पॅरिसच्या कॅथलिक धर्मप्रांताने २००२ साली होलीविन्स म्हणून कार्यक्रम सुरू केला, त्यात मुलं भुतांऐवजी संतांचे पोशाख करतात. अमेरिकेत कित्येक चर्च त्याच संध्याकाळी सुगीचा उत्सव करतात, पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्या उघडून मुलांना खाऊ वाटतात. मला विचाराल तर ते नाव बदलून तेच झालं. काही प्रोटेस्टंट मंडळ्या ३१ ऑक्टोबरला मार्टिन ल्यूथरची आठवण काढतात, कारण त्याने विटेनबर्गला आपले ९५ मुद्दे मांडले ते याच तारखेला, १५१७ साली. नवरा म्हणाला, ‘मग तिला ल्यूथर करून पाठव.’ त्याला मी उत्तर दिलं नाही.

आमच्या घरात नाही, त्याचं कारण सांगते. पवित्र शास्त्रात ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात चेटूक, मंत्रतंत्र आणि मेलेल्यांना कौल लावणं यांना सरळ मनाई आहे आणि ती आम्ही पाळतो. पण माझ्यापुरतं कारण तेवढ्यावर संपत नाही. नर्सिंग झाल्यावर सुरुवातीला मी नंदुरबार जिल्ह्यात एका सरकारी दवाखान्यात होते. तिथे एका रात्री पन्नाशीची बाई आणली. गावात कुणाचं तरी मूल दगावलं होतं आणि हिला डाकीण ठरवून मारलं होतं. डोक्याला टाके घालेपर्यंत ती मला एकच विचारत होती, घरी कोंबड्यांना कुणी पाणी ठेवलं असेल का. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि ज्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी याच पुण्यात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. चेटकिणीची टोपी घालून फोटो काढणाऱ्या पाच वर्षांच्या पोरीच्या मनात यातलं काहीही नसतं हे मला कळतं. मला ती टोपी माझ्या पोरीच्या डोक्यावर नको. बायबल आणि अंनिस (दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती) एकाच बाजूला उभे आहेत असं आमच्या घरात क्वचित होतं, या बाबतीत झालं. राहिलं खोटं रक्त. त्याबद्दल आठ तास खरं पुसून आलेल्या बाईला काही विचारू नका.

एवढं सगळं मी मॅडमना सांगितलं नाही. ‘आमच्या घरी हे करत नाही, पण ती त्या दिवशी येणार,’ एवढंच म्हटलं. गणपतीत जे यांना न शिकवता जमतं, ते इथे का अडलं याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, गणपती, ईद, नाताळ यांच्या सीमा आपल्याला पिढ्यानपिढ्या शेजारी राहून माहीत झाल्यात. कोण कुठवर येणार आणि कुठे थांबणार, हे मावशींना पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. हॅलोविन इथे कुणाच्याच घरचा नाही. ती नुसती गंमत, आणि गमतीला नाही कोण म्हणतं? म्हणून फॉर्म करणाऱ्या मुलीला तिसरा पर्याय सुचलाच नाही. कपट नव्हतं त्यात.

चर्चमध्ये आमचे एक वकीलकाका आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते लगेच संविधानात शिरले. कलम २८(३) म्हणे, सरकारमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत मुलाला त्याच्या पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. शिवाय १९८६चा बिजो इमॅन्युएल खटला. केरळात यहोवाचे साक्षीदार पंथातली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, म्हणून शाळेने त्यांना काढलं. सुप्रीम कोर्टाने शाळेला त्यांना परत घ्यायला लावलं. काका, म्हटलं, पाळणाघर आहे ते, आणि भोपळा म्हणजे काही उपासना नव्हे. मला कोर्टात जायचं नव्हतं. पण त्या खटल्यातली एक गोष्ट मला पटली. ती मुलं गात नव्हती, तरी रांगेत बाकीच्यांबरोबर उभी होती, आणि निकालानंतरही त्यांची जागा शाळेतच होती. ‘तुम्हाला चालत नाही ना, मग घरी बसा’ हे उत्तर कोर्टाला चाललं नाही.

आणि हे पुणं आहे. १८९० साली गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे आणि मंडळींनी चहा घेतला तर केवढं ग्रामण्य (जातबहिष्काराचा वाद) झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. आता त्याच गावात एक ख्रिस्ती बाई भोपळ्याच्या आकाराच्या बिस्किटाला नको म्हणते आणि बाकीच्या आया तिच्याकडे चमकून बघतात.

मॅडमनी एक दिवस मागून घेतला आणि फॉर्म बदलून पाठवला. ‘पाल्य येईल, कार्यक्रमात नसेल’ अशी तिसरी ओळ आली. आता गंमत बघा. ही ओळ आल्यावर आमच्याशिवाय आणखी दोन घरांनी तिच्यावर खूण केली. एका मुलाला अंधाराची आणि मुखवट्यांची भीती वाटते, त्याची आई गप्प बसून रजा टाकणार होती. दुसऱ्या घरात त्याच आठवड्यात आजोबा गेले होते, सुतक होतं. दोन्ही घरं हिंदू. नाही म्हणायची सोय केली की ती फक्त धर्मवाल्यांच्याच उपयोगी पडते असं नाही.

प्रत्यक्ष दिवशी या तिघांना स्वयंपाकघरात मावशींच्या हवाली केलं. कार्यक्रमासाठी मंडईतून चांगला थोरला लाल भोपळा आणला होता. ताईंनी तो कोरला आणि आतला गर पिशवीत भरून टाकायला काढला, तो मावशींनी हातातून काढून घेतला. गर किसून गुळात शिजवला, गार केला. तिघांना ओट्याखाली सतरंजीवर बसवून परात दिली. मावेल तेवढी कणीक, मूठभर रवा, चिमूट मीठ, वेलदोडा. पाणी अजिबात नाही, गुळाला सुटेल तेवढ्यातच भिजवायचं, हे लेक मला आता ऐकवते. दुधाच्या पिशव्या धुऊन कापून ठेवल्या होत्या, त्यांवर तेलाचा हात लावून घारगे थापले, वरून खसखस दाबली. तळायचं काम अर्थातच मावशींनी केलं, मुलांना दारापलीकडे उभं करून. मी न्यायला गेले तेव्हा खसखस तिच्या वेणीत, भुवईत, फ्रॉकच्या खिशात. तळणीचा वास हॉलपर्यंत गेल्यावर दोन ड्रॅक्युला आणि एक चेटकीण आत घारगे मागायला आले, तेव्हा माझ्या लेकीने त्यांना रांगेत उभं केलं म्हणे. निघताना खाऊची पिशवी देण्याआधी मॅडमनी मला विचारलं आणि कवटीचं स्टिकर काढून दिली. मी न सांगता.

आता तक्रारी. नव्या आलेल्या एका ताईंनी दुपारी सगळ्या मुलांदेखत लेकीला विचारलं, ‘तुमच्यात चालत नाही का गं?’ हा प्रश्न मला विचारायचा, पाच वर्षांच्या पोरीला नाही. तिने घरी येऊन विचारलं, ‘आपल्यात म्हणजे कोणात?’ त्याचं उत्तर देता देता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. मॅडमना सांगितलं, त्या ताईंशी बोलल्या, पण हे आधी बोलून ठेवायला हवं होतं. दुसरं, हॉलमध्ये किंकाळ्यांचं रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं होतं आणि मधलं दार उघडंच. आतल्या खोलीत झोपलेली अगदी लहान मुलं दचकून उठली, एक तर बराच वेळ रडत होतं. त्याच्या घरच्यांनी ‘सहभागी होईल’ लिहिलेलं नव्हतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कारण दोन वर्षांखालच्यांना फॉर्मच गेला नव्हता. वर्गणीचे ४५० मी आधीच भरले होते. ते पुढच्या बिलात वळते झाले, पण मी आठवण केल्यावर.

ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडला, त्यात घारग्यांचा एकही फोटो नाही. ही तक्रार नाही, नोंद.

जेवणाला पाच, औषधं आणि स्वच्छतेला पाच, मावशींना जितके देता येतील तितके. फॉर्मला आधी एक देणार होते, दुरुस्त केला म्हणून दोन. एकूण पाचपैकी चार. कुठेही ॲडमिशन घेण्याआधी वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी मागा आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न विचारा: आमचं मूल यात नसेल तर त्या वेळात ते कुठे असेल आणि त्याच्याजवळ कोण असेल? ‘बघू ना, तेव्हाचं तेव्हा’ असं उत्तर आलं तर उठा. आमच्या मॅडमनी आता ही यादी जूनमध्येच द्यायचं कबूल केलंय, दोन वर्षांखालच्या मुलांसकट.

धाकट्याचं नाव तिथेच घातलंय. शनिवारी दुपारी दोनपर्यंतच उघडं असतं, हे मात्र ते आपणहून सांगत नाहीत, विचारून घ्या.